झोळीवाला आणि काळा फोन

माझं मत बदललं आहे. आधीचं मत मी पालकसभेत, शिक्षकांच्या बैठकीत, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत, जिथं संधी मिळेल तिथं ठासून मांडलं होतं. तेव्हा बदललेलं मतही तितक्याच उघडपणे मांडायला हवं. मुलांना पळवणारा मुखवटेधारी खलनायक दाखवणारे भयपट काढूच नयेत, आणि काढलेच तर ते आपल्या घराच्या उंबऱ्याआत येऊ देऊ नयेत, असं मी म्हणत असे. आज तसं म्हणवत नाही.

मी गगनबावडा तालुक्यात शिकवते. लोकसंख्येनं कोल्हापूर जिल्ह्यातला हा सगळ्यात लहान तालुका, आणि पावसाला सगळ्यात पुढं. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट इथूनच कोकणात उतरतात. पावसाळ्यात घाटातलं धुकं वर चढून गावात शिरतं आणि दिवसचे दिवस हलत नाही. वाड्यावस्त्यांवरची मुलं खोळ पांघरून पायी शाळेला येतात. समोरून येणाऱ्यानंही डोक्यावरून खोळ ओढलेली असते, त्यामुळं तो आपल्या वाडीतला की परका, हे अगदी जवळ आल्याशिवाय कळत नाही. आधीच ज्या वाटेवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्या वाटेनं एकटं येणाऱ्या पोरीच्या मनात मुखवटेवाल्याची भीती कशाला भरायची? हे माझं पहिलं कारण होतं.

दुसरं कारण कोल्हापूरचंच, आणि ते माझ्या पिढीतल्या कुणाला वेगळं सांगावं लागणार नाही. १९९६ साली अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, पकडल्या गेल्या. १९९० पासून त्या लहान मुलं पळवत होत्या. जत्रेत, देवळात, एसटी स्टँडच्या गर्दीत पाकीट मारायचं आणि सापडलं की कडेवरचं मूल पुढं करायचं, एवढ्यासाठी. लेकुरवाळ्या बाईवर कोण हात उचलणार? मूल किरकिरं झालं, जड झालं, की त्याला मारून टाकायचं. तेरा मुलं पळवल्याचा आणि नऊ खुनांचा आरोप त्यांच्यावर होता. सगळे खून कोर्टात शाबित झाले नाहीत, पण जे झाले तेवढेच ऐकवत नव्हते. या खटल्यात अंबाबाईचं देऊळ होतं आणि आमची गगनबावड्याची गाडी जिथं जाऊन लागते ते कोल्हापूरचं स्टँडही होतं. अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात मेली. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, आणि एवढं होऊनही अंमलबजावणीला सरकारनं लावलेल्या विलंबापायी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती शिक्षा जन्मठेपेवर आणली.

या प्रकरणात मुखवटा कुठंच नव्हता. साडी नेसलेल्या, कडेवर पोर घेतलेल्या, गर्दीत आपल्याशेजारी उभ्या राहिल्या तर आपण सरकून जागा देऊ अशा बायका होत्या. म्हणून मी म्हणायची, सिनेमा मुलांना खोटं शिकवतो. दैत्य ओळखायची खूण म्हणून मुखवटा दाखवतो, आणि खरा दैत्य तर तुमच्याकडून पाण्याचा तांब्या मागून घेतो.

तिसरं कारण अफवांचं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे निरोप मोबाइलवर फिरत होते. त्या पाचांपैकी कुणीतरी एका लहान मुलीशी बोललं, एवढ्यावरून जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. पाचही गेले. मग सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी, पंढरपूरला निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला. गावकऱ्यांनी त्यांना काठ्यांनी, पट्ट्यांनी बडवलं. सुदैवानं ते वाचले. अशा बातम्या वाचल्या की मला वाटायचं, पडद्यावरची भीती अशी रस्त्यावर उतरते. मुलं पळवणारा परका, हे चित्र आपण इतकं पुन्हा पुन्हा बघतो की रस्ता विचारणाऱ्या साधूतही तोच दिसायला लागतो.

ही तिन्ही कारणं मला आजही खरी वाटतात. पण ज्या सिनेमाचं नाव घेऊन मी ती सांगत होते, तो मी बघितलाच नव्हता.

तो सिनेमा म्हणजे ‘द ब्लॅक फोन’. स्कॉट डेरिकसन या दिग्दर्शकाचा, २०२२ मध्ये चित्रपटगृहांत आलेला. जो हिल या लेखकाच्या कथेवर बेतलेला; जो हिल म्हणजे भयकथांचे बादशहा स्टीफन किंग यांचा मुलगा. अमेरिकेत सतरा वर्षांखालच्या मुलांना मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय तो बघू देत नाहीत. आमच्याकडं मात्र तो मोबाइलवर पोचला, आणि तोही अख्खा नाही, तर इंग्रजी सिनेमांची गोष्ट हिंदीतून सांगणारे जे व्हिडिओ असतात त्यांतून. पोस्टरवर शिंगांचा, दात विचकणारा पांढराफटक मुखवटा. तेवढं बघूनच माझं मत ठरलं होतं.

एका पावसाळ्यात मधल्या सुट्टीत नववीची मुलं व्हरांड्यात कोंडाळं करून बसली होती. बाहेर पाऊस एवढा की डबे घेऊन सगळी आतच. एक मुलगा हीच गोष्ट सांगत होता. त्याला गप्प करायला म्हणून मी उठले आणि मागं जाऊन उभी राहिले.

“फोनची वायर तुटल्याली हाय. तरीबी त्यो वाजतोय.”

“कोण बोलतंय त्याच्यातनं?”

“आदी पळवल्याली पोरं. मेल्याली.”

मला वाटलं, आता किंकाळ्या उठणार, निदान पोरी तरी कानावर हात ठेवणार. तसं काहीच झालं नाही. पुढचा प्रश्न आला, “मग ती काय सांगत्यात?” आणि मग पोरांची जुंपली. कुठल्या पोरानं कुठली युक्ती सांगितली, आधी फरशी उकरायची का आधी खिडकीला वायर टाकायची, कुलपाचे आकडे कुणाला ठाऊक होते. मुखवट्याचा विषयही कुणी काढला नाही. एवढ्यात एक मुलगी, जी वर्गात स्वतःहून तोंड उघडत नाही, ती डब्यातून मान वर न काढता म्हणाली, “त्येच्या बहिणीला समदं म्हाईत असतंय की. पर तिचं कोण ऐकतंय? बा तिलाच मारतोय.”

मी कुणालाच गप्प केलं नाही. जागेवर येऊन बसले. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण त्यात मुखवटेवाला नव्हता. त्यात बाप होता.

कोल्हापुरात माझा एक भाचा आहे, कॅमेऱ्याची कामं करतो. मी भयपटांवर बोलायला लागले की तो नेहमी एकच आठवण करून द्यायचा. कोल्हापूरचा सिनेमा सुरू झाला तोच लोकांना भेदरवून. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीतून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला, त्यातला कीचकवध प्रेक्षकांना इतका खरा वाटला की थिएटरात घबराट झाली आणि पुढं ते दृश्य कापावं लागलं. “पण आत्ती, बाबूरावांनी कीचक घाबरवायला दाखवला नव्हता. सैरंध्रीचं कुणी ऐकत नव्हतं, हे दाखवायला दाखवला होता.” हे त्यानं आधीही सांगितलं असेल. व्हरांड्यातल्या त्या मुलीचं ऐकल्यावर मला ते कळलं. एका सुट्टीत त्याच्या घरी बसून आम्ही तो सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला.

काळ १९७८, गाव अमेरिकेतलं डेन्व्हर, त्याच्या उत्तरेकडची कामगारांची वस्ती. एकामागून एक मुलगे नाहीसे होत आहेत. काळी व्हॅन, काळे फुगे, जादूचे प्रयोग दाखवतो असं सांगणारा माणूस. तेरा वर्षांचा फिनी नावाचा मुलगा पळवला जातो आणि आवाज बाहेर न जाणाऱ्या तळघरात कोंडला जातो. भिंतीवर वायर तुटलेला काळा फोन आहे. तो वाजतो. पलीकडून आधी मारली गेलेली मुलं बोलतात.

त्या पाच मुलांतला प्रत्येक जण फिनीला आपला फसलेला प्रयत्न देऊन जातो, इथं मला सिनेमा पहिल्यांदा कळला. एकानं फरशी उचकटून माती उकरायला घेतली होती, त्याचा भुयाराचा प्रयत्न अर्धाच राहिला. एकानं भिंतीतली केबल शोधली होती, ती खिडकीच्या गजात अडकवून वर चढायचं. एकाला दाराच्या कुलपाचा आकडा सापडला होता. एकानं शेजारच्या खोलीकडं भिंत फोडायची वाट हेरली होती. आणि फिनीचा जिवलग मित्र रॉबिन, जो शाळेत त्याच्यासाठी मारामाऱ्या करायचा, तो त्याला फोनच्या रिसीव्हरमध्ये माती ठासून भरायला लावतो आणि तो कसा फिरवून हाणायचा ते फोनवरून शिकवतो. फिनी हे सगळं एकेक करून बघतो आणि प्रत्येक वेळी फसतो. गज निखळून खाली पडतो, भिंतीपलीकडं फ्रीजरचं दार बंद असतं, बाहेर पोचलेला पुन्हा पकडला जातो. शेवटच्या झटापटीत मात्र तीच केबल, तोच निखळलेला गज, तोच अर्धा खड्डा, फ्रीजरमधलं मांस, सगळं उपयोगी पडतं. मेलेल्या मुलांचं काहीच वाया जात नाही. आमची पोरं व्हरांड्यात याच हिशेबावर भांडत होती. त्यांना त्या सिनेमातून भीतीपेक्षा कारागिरी मिळाली होती.

मग बहीण. ग्वेन. तिला स्वप्नं पडतात आणि त्यांत बाहेर कुणालाच ठाऊक नसलेल्या गोष्टी दिसतात. काळे फुगेही तिनं असेच पाहिलेले, म्हणून पोलीस तिच्या शाळेत चौकशीला येतात. आता घरी काय होतं? तिची आई अशाच स्वप्नांच्या ओझ्याखाली जीव देऊन गेली आहे. बाप दारू पितो, त्याला वाटतं हे पोरीपर्यंत येऊ नये. म्हणून तो स्वयंपाकघरात तिला पट्ट्यानं मारतो आणि तिच्याकडून वदवून घेतो की स्वप्नं ही नुसती स्वप्नंच असतात. फिनी बाजूला उभा राहून बघतो, हलत नाही. हा प्रसंग मुखवटेवाला पहिल्यांदा नीट दिसायच्या आधी येतो. पुढं मुखवटा आला तेव्हा मी तितकी दचकले नाही. दचकायचं ते स्वयंपाकघरातच होऊन गेलं होतं.

आणखी एक माणूस आहे, ज्याच्याबद्दल पोरांपैकी कुणीच बोललं नव्हतं. तो मोठ्यांनीच बघावा असा आहे. मॅक्स, त्या मुखवटेवाल्याचा भाऊ. तो त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायला आलेला असतो. या मुलांच्या प्रकरणाचं त्याला वेड लागलंय. भिंतीवर नकाशे, कात्रणं, दोऱ्यांच्या खुणा. पोलिसांनाही तो आपले तर्क ऐकवतो. आणि ज्या मुलाला तो शोधतोय तो त्याच्याच पायाखाली, तळघरात. जेव्हा त्याला उमगतं तेव्हा तो धावत खाली येतो, दार उघडतो, आणि तिथंच भावाच्या कुऱ्हाडीनं मरतो.

मॅक्सला बघताना मला राईनपाडा आठवला. लवंगा आठवलं. वेशीवर लाठ्या घेऊन परका शोधणारी माणसं मला या सिनेमाच्या प्रेक्षकांत दिसत होती. सिनेमानं तर त्यांना आतच बसवलं होतं, नकाशासमोर, गुन्हेगार स्वतःच्याच घरात असताना. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगताहेत की मुलांवरच्या बलात्काराच्या नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा गुन्हेगार मुलाच्या ओळखीतला असतो. घरचा, शेजारचा, शिकवणीचा, नोकरी देतो म्हणणारा. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून जो अहवाल काढला, त्यात अर्ध्याहून अधिक मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्यांतल्या बहुतेकांनी तोवर कुणाजवळच ते बोलून दाखवलं नव्हतं. हे आकडे मी आधीही वापरत होते, पण भयपटांच्या विरोधात. सिनेमा बघून उठले तेव्हा ते त्याच्या बाजूचे वाटू लागले.

मग परक्याची भीती मुलांच्या मनात आली कुठून, हे मी माझ्याशीच ताडून बघितलं. सिनेमा आमच्याकडं पोचला तो काल-परवा. त्याच्या कितीतरी आधी मी स्वतः भाचीला भरवताना म्हणत होते, “गप जेव, न्हाईतर झोळीवाला येईल.” माझी आई मला तेच म्हणायची. आमच्या घराघरांत हा झोळीवाला आहे. पाठीवर झोळी, अंगावर कफनी, दारात उभा राहून भिक्षा मागणारा. राईनपाड्याला मेलेले ते पाच जण आणखी कोण होते? त्यांच्या खांद्यावर झोळीच होती. त्यांना मुलं पळवणारे ठरवायला कुठल्या अमेरिकन दिग्दर्शकाची गरज पडली नाही. ती पटकथा आपण पिढ्यान्‌पिढ्या घास भरवता भरवता लिहून ठेवलेली होती, मोबाइलनं ती फक्त पुढं ढकलली.

हे मनाला लागलं. झोळीवाल्याचं नाव मी आमच्या घरात बंद केलं, आणि पालकसभेतही आता पहिलं तेच सांगते.

पण भीतीच नको, असं मात्र मला वाटत नाही, आणि याचं मूळ माझ्या आजोळी आहे. आजोळ घाटाखाली, वैभववाडीच्या बाजूला. तिथल्या जत्रेत रात्री दहीकाला व्हायचा. दशावताराच्या पूर्वरंगात गणपती येऊन जातो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि मग वेद चोरणारा संकासूर. सगळं काळं. काळा पोशाख, चेहऱ्यावर काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लाल जीभ. तो आला की पुढच्या रांगेतली आम्ही सगळी पोरं मागं पळायचो आणि आयांच्या पदरात तोंड खुपसायचो. मग तो मालवणीत बोलायला लागायचा. असं काही बोलायचा की पदरातून एकेक तोंड बाहेर निघायचं. त्याच्या उलटसुलट उत्तरांनी आख्खी जत्रा हसायची. शेवटी विष्णू येऊन त्याला मारायचा, आणि तोवर आम्ही पुन्हा पुढच्या रांगेत जाऊन बसलेली असायचो.

एकदा आम्ही पोरं पडद्यामागं डोकावलो. संकासूर बुरखा कपाळावर सरकवून पेटाऱ्यावर बसला होता आणि बशीतून चहा पीत होता. घामानं कपाळ चकाकत होतं. आमच्याकडं बघून त्यानं बुरखा झपकन खाली ओढला आणि आम्ही ओरडत पळालो. माणूस कोण हे कळलं होतं, तरी ओरडलो. आणि पळताना हसत होतो. त्या भीतीत मजा होती, कारण आजूबाजूला सगळी मोठी माणसं जागी होती. रात्रभर. ज्या पदरात तोंड खुपसायचं तो पदर हाताशी होता.

झोळीवाल्याची भीती तशी नाही. ती दाखवणारंच माणूस मुलाला त्या भीतीबरोबर एकटं सोडतं. किंबहुना मुलानं घाबरून गप्प बसावं म्हणूनच ती घालतात. तिच्यात बोलायला जागा नाही. माझी गफलत इथं होती असं मी म्हणेन: भीती किती, हे मी मोजत होते, भ्यालेल्या मुलाशेजारी कोण बसलंय, हे बघत नव्हते. व्हरांड्यातली पोरं एकमेकांना चिकटून बसली होती आणि बोलत होती. मी उठले होते ती त्यांना गप्प करायला.

धोका परक्यात नाही, घरात आहे, हे दाखवायचं काम मराठीतही एका भयपटानं केलंय, आणि तोही मी कधी बघितला नव्हता. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’, २०१७ चा. पूजा सावंत गरोदर बाईच्या भूमिकेत, नवऱ्याच्या कर्जापायी शहरातून पळून उसाच्या फडामधल्या एकाकी घरात आसऱ्याला आलेली. उसात लपंडाव खेळणारी मुलं तिलाच दिसतात. आणि त्या घरची तुळसाबाई, उषा नाईक यांनी केलेली. डोईवर पदर, गरोदर बाईला वेळेवर गरम जेवण, मायेचं बोलणं. मुखवटा म्हणावा तर तो हाच, आणि तो चेहऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. मारल्या गेलेल्या मुलींची ती गोष्ट बघताना मला आमच्या जिल्ह्याचा आकडा आठवत राहिला. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. साखरेच्या, दुधाच्या, कुस्तीच्या आमच्या सधन जिल्ह्यात. त्या नसलेल्या मुलींना कुणी झोळीत घालून नेलं नव्हतं. शेजारणींना मी तो सिनेमा बघायला सांगितला. दोघींनी अर्ध्यावर बंद केला, एकीनं पुरा बघितला आणि तिनं तिच्या सासूबद्दल मला जे सांगितलं ते इथं लिहायचं नाही.

‘द ब्लॅक फोन’मधलं सगळंच मला मानवलंय असं नाही. शेवट मला खटकतो. फिनी फोनच्या वायरनं त्या माणसाचा गळा आवळतो, आणि पुढं शाळेत परततो तेव्हा त्याला छळणारी मुलं बाजूला होतात, आवडती मुलगी शेजारी बसलेली असते. जीव वाचवायला त्यानं जे केलं त्याला मी नावं ठेवणार नाही. पण तेरा वर्षांच्या मुलाच्या हातून माणूस मेला, त्याचं त्याला पुढं काय होईल, हे सिनेमा विचारत नाही. वर्गात मान वाढला एवढ्यावर सोडून देतो. माझ्या वर्गात मागच्या बाकांवर मार खाणारी मुलं आहेत. त्यांना हे उत्तर म्हणून मिळू नये असं मला वाटतं. बाप गुडघ्यावर बसून पोरांची माफी मागतो, तेही मला घाईचं वाटलं. इतक्या पट्ट्यांनंतर माफी मागायला एक मिनिट पुरत नाही. आणि २०२५ मध्ये दुसरा भाग आला, त्यात मेलेला मुखवटेवाला भूत होऊन परत येतो. तो येणार हे उघड होतं. टॉम सॅविनी आणि जेसन बेकर यांनी घडवलेला तो मुखवटाच जगभर लक्षात राहिला. हसरा, रडवा, तोंडच नसलेला, तुकडे बदलता येणारा. लोक बघायला येतात ते त्याला. पहिल्या भागात त्याचा मुखवटा ओढून काढल्यावर तो माणूस हातांनी तोंड झाकून कसा कळवळतो, ते त्यांनी पुन्हा एकदा बघावं.

आमच्या एक सहकारी बाई आहेत, त्यांना माझं हे नवं मत अजिबात पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, तुम्ही बघा म्हणालात नववीच्या पालकांना, पण मोबाइल एकच असतो घरात, आणि तो चौथीच्या पोराच्या हातात असतो. हे खरं आहे. म्हणून लहान मुलांना तो दाखवू नका, हे मी आजही सांगते, आणि ठणकावून सांगते. पण मोठ्यांनी बघा. दहावीच्या मुलानं चोरून बघितलाच असेल, तर दम देण्याआधी त्याला विचारा की त्यातली कुठली जागा त्याला जड गेली.

गेल्या पालकसभेत हे बोलल्यावर मागून एक बाप उठला. दूध घालायला जाता जाता सभेला थांबलेला, किटली हातातच. म्हणाला, “बाई, ते सगळं खरं. पर पोरगं खरंच कायतरी सांगाय लागलं, तर आमी करायचं काय?”

सभेत एकदम शांतता झाली नाही. उलट तिघंचौघं एकदम बोलायला लागली, कारण तो प्रश्न सगळ्यांचाच होता. मी त्याला जे सांगितलं ते असं. हातातलं काम ठेवा. मध्ये बोलू नका. “तू तिथं गेलीसच कशाला” हे तोंडातून येऊ देऊ नका, कारण ते आलं की पोर पुढचं सांगत नाही. सांगणारं मूल घरातल्या माणसाचं नाव घेत असेल तरी ऐका, तेव्हा तर जास्तच ऐका. मग १०९८ या नंबरला फोन लावा. मुलांसाठीची ती मदत फुकट आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं हे आपल्या मर्जीवर नाही, ते बंधन आहे, शिक्षकांवरही आणि तुमच्यावरही. त्यानं नंबर पुन्हा सांगायला लावला आणि मोबाइलमध्ये घालून घेतला. शेजारच्या बाईनं त्याच्याकडून घेतला.

त्या सहकारी बाई आणि मी एका गोष्टीवर मात्र एक झालो. शाळेत कुठलंही मूल कुठल्याही शिक्षकाजवळ काही सांगायला आलं, तर “नंतर ये” म्हणायचं नाही, घंटा झाली असली तरी. वर्ग दोन मिनिटं थांबतो. हे अजून सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं नाही, माझ्याही नाही. पोर्शन मागं राहतो, परीक्षा डोक्यावर असतात. तरी येत्या जूनपासून ते शाळेचं म्हणून लिहून लावायचं, असं आमचं ठरलं आहे, आणि मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे.